घोरपड कुणाची

गवीपुरमच्या ज्या गल्लीत मोहित्यांचं घर आहे, तिथल्या लोकांना स्मृतीच्या रागाची सवय आहे. भाजीवाल्याने वर चांगली आणि खाली किडकी वांगी ठेवली की ती त्याला सगळी टोपली पालथी करायला लावते. गॅसचं सिलिंडर हलकं वाटलं तर गाडीवाल्याला वजनकाटा आणेपर्यंत जागचं हलू देत नाही. शेजारणी कानडी मिसळून म्हणतात, "हिला सुम्मे गप बसायलाच येत न्हाई." तिचे वडील अप्पासाहेब सांगतात की हा राग तिच्या आईकडून आला. आई जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे खरंखोटं करणारं आता कुणी उरलेलं नाही.

तिचा हात मात्र फारशा लोकांना माहीत नव्हता. लहानपणी ती पाटीवर बैल काढायची तर बैलाच्या वशिंडाची कातडी थरथरल्यासारखी वाटायची. पुढे चित्रकलेच्या कॉलेजात गेली, पण शिक्षण निम्म्यावर असताना अप्पासाहेबांना अर्धांगवायूचा झटका आला. गिरणीतली त्यांची नोकरी सुटली आणि हिचं कॉलेजही. चिकपेटेत विलासण्णांचं साड्यांचं होलसेल दुकान होतं, ओळखीतलं. त्यांनी माडीवर एका कॉम्प्युटरसमोर तिला बसवलं आणि सांगितलं, काठ काढ.

तेव्हापासून ती काठच काढत आली. कोयरी, रुद्राक्ष, गोपुरं, वेली. नॅशनल कॉलेजच्या स्टेशनवर मेट्रोत चढली की कधीतरी समोरच्या बाईच्या अंगावर आपलाच काठ दिसायचा. त्या बाईला स्मृतीचं नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं आणि स्मृतीला त्याचं काही वाटतही नसे. दिवस तिने विलासण्णांना विकला होता. त्या दिवसात हातातून जे निघेल ते दुकानाचं, हा सौदा तिला मान्य होता. माणसाने स्वतः होऊन विकलेल्या गोष्टीबद्दल रडू नये, असं ती म्हणायची.

अप्पासाहेबांना दुसरा झटका आला तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहण्यावाचून तिला काम नव्हतं. तिथेच तिने फोनवर 'रणकोट' नावाचा गेम उतरवून घेतला. आपला एक कोट असतो, त्याचे बुरूज बांधायचे, शिपाई ठेवायचे, जनावरं पाळायची आणि चालून आलेल्यांना परतवायचं. अप्पासाहेब घरी आले, तिचा गेम काही सुटला नाही. गेमवर ती रागावायचीही. हत्ती सगळे एकाच साच्यातले, घोड्यांचे गुडघे उलटे. एका रविवारी तिने आपल्या टॅबवर गुडघे सरळ असलेला घोडा काढून इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकला, खाली गेमचं नाव घातलं. लोकांना आवडला. मग ती गेममध्ये नसलेली जनावरंही काढायला लागली. बुरूज पाठीवर घेऊन चालणारं कासव, निशाण चोचीत धरणारा गरुड. 'रणकोट' खेळणारे लोक तिच्या पानावर गोळा व्हायला लागले. तिला अक्का म्हणायला लागले.

या सगळ्यांत तिची लाडकी होती घोरपड. तटाच्या भिंतीला पोट लावून सरसर वर चढणारी, पाठीवर चार शिपाई आणि अंगावर भरजरी झूल. त्या झुलीचा काठ तिने मुद्दाम नवा काढला होता. दुकानातलं एक फूलही त्यात येऊ दिलं नव्हतं. झूल नीट पडत नाही म्हणून तिने तीनदा पुसली आणि तीनदा काढली.

उन्हाळ्यात गेममध्ये नवं जनावर आलं. पडद्यावर तट दिसला आणि तटावरून घोरपड चढताना दिसली.

पहिल्यांदा स्मृतीला आनंदच झाला. ती कुणापासून लपवत नाही ते. आपण काढलेलं जनावर चालतंय, जीभ बाहेर काढतंय, शेपटी भिंतीवर घासतंय, हे बघून तिचे डोळे भरून आले. "अप्पा, बघा की," म्हणत तिने फोन त्यांच्यापुढे धरला. मग ती आपलं नाव शोधायला लागली. चित्रकारांच्या जागी 'रणकोट कला विभाग' एवढंच लिहिलेलं होतं. घोरपड हवी असेल तर विकत घ्यावी लागणार होती. तिने पडदा मोठा करून बघितला. झूल तीच, काठ तोच, आणि डाव्या पुढच्या पायाला एक बोट कमी.

लहानपणी घराजवळच्या टेकडीवरच्या खडकांत एक घोरपड उन्हाला पडायची. तिचं ते बोट तुटलेलं होतं. स्मृतीने चित्रातही ते तसंच ठेवलं होतं, का ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"माझ्या टेकडीवरली घोरपड यांनी कुठं बघितली?" ती अप्पासाहेबांना म्हणाली. "आणि नसलेलं बोट कुठनं आणलं?"

तिने कंपनीला लिहिलं, साध्या शब्दांत. हे चित्र माझं, माझं नाव घाला. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या पानावरची घोरपड नाहीशी झाली. तिच्या जागी सूचना होती, की या चित्रामुळे 'रणकोट'च्या मालकांच्या हक्काचा भंग होत असल्याची तक्रार आली आहे, म्हणून ते काढून टाकलं आहे, आणि पुन्हा असं घडल्यास तुमचं पानच बंद होईल.

चोराच्या उलट्या बोंबा ही म्हण तिने आयुष्यभर ऐकली होती. आता ती तिच्या नावाने पत्त्यासकट आली. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या दिवशी तिने दुकानात एकही काठ काढला नाही आणि संध्याकाळी भात करपवला. अप्पासाहेबांनी करपलेला भात तसाच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती बस बदलत मारतहळ्ळीला गेली. कंपनीची कचेरी रिंग रोडवरच्या एका काचेच्या इमारतीत होती. दाराशी दोन माणसांच्या उंचीची घोरपड भिंतीवर रंगवलेली होती. स्मृती तिच्यापुढे उभी राहिली तेव्हा वॉचमनला वाटलं, बाई फोटो काढायला आल्या. त्याने अदबीने बाजूला होऊन विचारलं, "फोटो मॅडम?"

बऱ्याच वेळाने एक मुलगी खाली आली. मनस्विनी तिचं नाव, खेळणाऱ्या लोकांशी बोलण्याचं काम तिच्याकडे. स्मृतीचं आडनाव ऐकून ती खुलली.

"तुम्ही मराठी? अय्या, मी पुण्याची. इथे मराठी बोलायला कुणी मिळतच नाही."

"आम्ही इथलेच. चारशे वर्षं झाली म्हणतात येऊन."

"किती क्यूट बोलता तुम्ही. बसा ना. ॲक्च्युअली आमच्या टीमला तुमचं आर्ट खूप आवडतं."

"आवडलं म्हणून उचललं?"

मनस्विनी हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, आणि त्यानेच स्मृतीचं डोकं आणखी तापलं.

"उचललं असं नाही हो म्हणता येणार. इन्स्पिरेशन. फॅन आर्ट हे शेवटी कम्युनिटीचं असतं, नाही का? तुम्ही आमच्या गेमसाठी काढलं, आमच्या गेमचं नाव घालून टाकलं. आमच्या नियमांत आहे की खेळणारे जे पाठवतील ते कंपनीचं."

"मी कुठं पाठवलं? माझ्या पानावर लावलं. माझ्या दारात मी रांगोळी काढली तर ती महापालिकेची होती काय?"

"आणि घोरपड म्हणजे इतिहासातलीच की. ती तर कुणाचीच नाही."

"घोरपड कुणाचीच न्हाई, सरी, मानलं," स्मृती म्हणाली. "ही माझी हाय. हिला एक बोट न्हाई ते का, तुमच्या कला विभागाला विचारून या. मी बसते."

मनस्विनी वर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात कागदी पिशवी होती. साहेब मीटिंगमध्ये आहेत, पण आमच्याकडून ही छोटीशी भेट, आणि गेममधली घोरपड तुम्हाला फुकट. पिशवीत एक टी-शर्ट होता. छातीवर घोरपड, झुलीचा काठ सोनेरी.

टी-शर्ट त्या मुलीच्या अंगावर भिरकावून द्यावा असं स्मृतीला वाटलं. तिने तो उचललाही. मग तिने त्याची नीट घडी घातली, आपल्या पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "तू चांगल्या घरची दिसतेस. चोरीचा माल वाटायचं काम कशाला करतेस?" मनस्विनीचा चेहरा पडला. स्मृती बाहेर आली ती बसस्टॉप मागे टाकून तशीच चालत राहिली, रिंग रोडवरच्या गाड्यांच्या धुरात, आपण चुकीच्या बाजूला चाललोय हे कळेपर्यंत.

गल्लीच्या टोकाला वादिराज वकील राहतात. माध्व ब्राह्मणांचं घर, तेही पिढ्यान्पिढ्या इथलंच. त्यांनी टी-शर्ट उलटसुलट करून पाहिला, तिच्या टॅबमधली कच्ची चित्रं पाहिली. कासव, गरुड आणि झूल पुसण्याआधीची, पुसल्यानंतरची घोरपड.

"मी कुठं नोंदणी केली न्हाई काका," ती म्हणाली.

"लागत नाही. काढलंस त्या घडीला ते तुझं झालं. दुकानात नोकरी म्हणून काढतेस ते विलासचं, घरी आपल्या मनाने काढलंस ते तुझं. दुसऱ्याला द्यायचं तर लिहून सही करून द्यावं लागतं. दिलीस सही?"

"न्हाई."

"मग तुझंच. पण सगळंच सोपं आहे असं समजू नको. कोट त्यांचा, ते शिपाई त्यांचे. तू त्यांचे शिपाई पाठीवर बसवलेस, हीच गोष्ट ते तुझ्यावर उलटवणार. आणि या लोकांकडे वेळ भरपूर असतो. तुला तेवढा राग पुरेल का?"

"त्याची काळजी तुम्ही करू नका."

नोटीस गेली. उत्तर आलं ते वेगळ्याच दारातून. एका सकाळी विलासण्णांनी तिला माडीवरून खाली बोलावलं. ती कुठे काम करते ते शोधून कंपनीच्या वकिलांनी दुकानाला पत्र लिहिलं होतं. झुलीवरचा काठ साडीच्या काठासारखा आहे, तुमची कर्मचारी तुमच्याच मालकीचं डिझाइन बाहेर वापरत असावी, याची आपण चौकशी करावी.

"हा काठ आपला काय गं?" विलासण्णांनी विचारलं.

"माझा हाय. दुकानाचा न्हाई. सगळी डिझाइनं तुमच्या कॉम्प्युटरात हायत, लावून बघा."

"बघायला मला कुठं वेळ. असं कर, काठ दुकानाचा म्हणून एक कागद लिहून दे, मी त्यांच्याशी बोलून मिटवतो. स्वल्प अडजस्ट करून घे. तुलापण त्रास नको, मलापण नको."

वाईट माणूस नव्हता तो. अप्पांच्या आजारपणात रात्रीबेरात्री गाडी पाठवणारा माणूस. पण तिला दिसत होतं की एवढी वर्षं तिने त्यांना दिवस विकले ते त्यांना पुरले नव्हते. तिचे रविवारही आता आपलेच होते की काय, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

"विलासण्णा, मी तुमच्या दुकानातनं कधी टाचणी नेली न्हाई."

"मी कुठं म्हणतो?"

"कागद लिहून दिला तर तसंच म्हटल्यासारखं हाय."

ती माडीवर गेली, आपली पाण्याची बाटली आणि चष्म्याचं घर घेतलं आणि खाली आली. विलासण्णा तिला थांब म्हणाले नाहीत. तिने मागे वळून बघितलं असतं तर म्हणाले असते, असं ते नंतर अप्पासाहेबांना सांगत होते. कंपनीला मात्र त्यांनी काहीच कळवलं नाही, होही नाही आणि नाहीही नाही.

घरी अप्पासाहेब पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. जीभ जड झालेली, शब्द अडखळत होते, पण राग स्वच्छ कळत होता. "खेळातल्या पालीपायी नोकरी सोडलीस? लोक काय म्हणतील?"

"पाल न्हाई, घोरपड. आणि लोकांचं काय, ते म्हणतातच."

पावसाळ्यात कंपनीने बोलणी लावली. वादिराज काकांच्या घरच्या ओसरीवर कंपनीचा तरुण वकील आणि मनस्विनी आले. देऊ केलं ते वरवर पाहता बरं होतं. बरी रक्कम. गेमच्या शेवटी 'विशेष आभार' म्हणून नावांची रांग असते, तीत स्मृतीचं नाव. बदल्यात तिने लिहून द्यायचं, की घोरपड पहिल्यापासून कंपनीची होती, आजवर 'रणकोट'संबंधी काढलेलं आणि पुढे काढेल ते सगळं कंपनीचं, आणि याविषयी ती कुठे बोलणार नाही.

"पुढचंही?" स्मृतीने विचारलं. "जे मी अजून काढलं न्हाई तेपण?"

"तो स्टँडर्ड क्लॉज आहे," वकील म्हणाला.

"आणि माझं नाव आभारात. म्हणजे मी तुम्हाला मदत केली. माझीच वस्तू, आणि मी मदत केली."

"मॅडम, तुम्ही आमच्या फॅन आहात. आम्हाला तुमच्याशी भांडायचं नाही."

"फॅन म्हणजे काय ते मला सांगा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तिला ओळखणाऱ्या वादिराज काकांनी खुर्ची जरा मागे घेतली. "तुमचा खेळ मला आवडला. तुमच्या घोड्यांचे गुडघे उलटे होते ते मी फुकट सरळ करून दाखवले. लोकांना तुमच्या दारात मी बोलावून आणलं. आवडण्याची एवढी शिक्षा असती होय? दुकानदारसुद्धा माझा दिवस विकत घेत होता हो. तुम्ही तेवढंही केलं न्हाई. माझं चित्र फुकट घेतलं, वर माझ्या घरातनं मलाच हाकललं."

जाताना मनस्विनी मागे रेंगाळली आणि हळूच म्हणाली, "मी आत सांगितलं होतं हो, नाव घालूया म्हणून." खरं असेल कदाचित. पण ती दोघं गेल्यावर स्मृतीला त्या वाक्याचाच सगळ्यांत जास्त राग आला.

सही न झाल्यामुळे कंपनीने दोन गोष्टी केल्या. तिच्या पानावरची तक्रार मागे घेतली, चित्र परत दिसायला लागलं. आणि गेममधून घोरपड काढून टाकली. ज्यांनी ती विकत घेतली होती त्यांना कळवलं, की एका व्यक्तीने हरकत घेतल्यामुळे हे करावं लागत आहे. व्यक्ती कोण हे शोधायला लोकांना वेळ लागला नाही. जे तिला अक्का म्हणत होते तेच तिच्या पानावर येऊन बोलायला लागले. हावरट. प्रसिद्धीसाठी. गेमवर खरं प्रेम असतं तर आनंद झाला असता तुला. एकाने लिहिलं, आमच्या घोरपडी परत कर. हे वाचून ती स्वयंपाकघरात गेली आणि पोळपाट असा आपटला की त्याला चीर गेली.

दसऱ्याच्या सुमाराला गेममध्ये पुन्हा घोरपड आली. रंग हिरव्याचा करडा केला होता, शेपटी तोकडी, बोटं पुरी, झुलीवर काठाऐवजी साखळ्या. पण चढताना मान वळवून मागे बघण्याची लकब तीच, पाठीवरची बैठक तीच. स्मृतीने दोन्ही चित्रं शेजारी ठेवून वादिराज काकांना दाखवली. ते म्हणाले, "लढता येईल. जिंकू असं नाही सांगत. वर्षं जातील."

"घाला दावा."

अप्पासाहेबांनी जाऊ दे म्हणून पाहिलं. शेजारणींनी पाहिलं. स्मृतीचं उत्तर एकच होतं, की जाऊ द्यायची पाळी नेहमी आमच्यावरच का येते.

दावा सिटी सिव्हिल कोर्टात चालू आहे. नवी घोरपड तूर्त थांबवावी ही तिची विनंती कोर्टाने मान्य केली नाही, पण दावाही फेटाळला नाही. कंपनीचे वकील तारखा मागतात, तारखा मिळतात. स्मृती प्रत्येक तारखेला जाते आणि मागच्या बाकावर ताठ बसते. पोटासाठी ती आता घरूनच काठ काढून देते, चिकपेटेतल्याच दोन-तीन दुकानांना. प्रत्येक काठाबरोबर एक कागद असतो, कशासाठी दिला आणि किती काळासाठी. दुकानदार कुरकुरतात आणि सही करतात, कारण तिच्यासारखा काठ दुसऱ्या कुणाला येत नाही.

'रणकोट' तिने फोनवरून काढून टाकला. जनावरं काढणं सुटलेलं नाही. मात्र आता ती प्रत्येक चित्रावर आपलं नाव घालते, कोपऱ्यात बारीक नाही, तर जनावराच्या अंगावरून आडवं, ठळक, कुणाला कापून वेगळं करता येणार नाही असं. परवा तिने एक रानमांजर काढलं. डोळे असे की बघणाऱ्याने पाऊल मागे घ्यावं. मग त्याच्या पोटावरून, पाठीवरून, त्या सुंदर पट्ट्यांवरून तिने लिहिलं, स्मृती मोहिते. चित्र बिघडलं. बिघडलं हे तिला दुसऱ्या कुणीही सांगायची गरज नव्हती. तरी तिने दात आवळून ते तसंच आपल्या पानावर लावलं.